अळसांद्याच्या गाठी पांढऱ्या का राहिल्या?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तुमचे भाताचे कुणगे, म्हणजे बांधांची खाचरं, आहेत. सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापल्यावर नोव्हेंबरात तुम्ही तिथे अळसांदे (आपली गोव्याची चवळी) पेरले आणि बियाण्याला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं पाकीट चोळलं. अठराव्या दिवशी पानं पिवळट दिसली म्हणून युरिया टाकला, झाडं हिरवीगार झाली. फुलोऱ्यात एक झाड उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी जेमतेम पाच-सहा, आणि फोडल्यावर आतून पांढऱ्या. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने पाकीट आणलं नव्हतं, युरियाही टाकला नव्हता. त्याच्या मुळांना गाठींचे झुबके आणि आतून लालसर. तुम्ही विचारता की पाकीट खराब होतं का, पुढच्या वर्षी कुठलं घ्यावं, आणि हे जिवाणू मातीत असतातच की मुळं त्यांना आणतात?

तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न खरं तर पहिला आहे. त्याचं उत्तर कळलं की पाकिटाचं कोडं आपोआप सुटतं. मी २२ वर्षं डिचोली आणि सत्तरी भागात मातीचे नमुने घेते आणि शेतात उभी राहून सल्ला देते. या काळात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न ‘कोणते जिवाणू घालू’ हा आहे. ‘माझ्या पिकाचं मूळ आत्ता कोणाला खाऊ घालतंय’ असं फारच थोड्यांनी विचारलं. नत्राचा सगळा व्यवहार मात्र तिथेच ठरतो.

तुमची माती मी पाहिलेली नाही. कुणगा पाणथळ आहे की उताराचा, शेणखत किती वर्षं पडतंय, भाताचा पेंढा शेतात राहतो की उचलला जातो, यावर तपशील बदलतील. तुमची जमीन खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, असती तर क्षारांचा मुद्दा आधी घेतला असता, कारण खारेपणाने मुळं आणि गाठी दोन्ही दबतात. सत्तरीतल्या गोड्या पाण्याच्या जांभ्या मातीचा कुणगा आहे असं धरून पुढचं लिहिते.

माती म्हणजे जिवाणूंसाठी बहुतांशी उपाशी प्रदेश. खाण्याजोगा कार्बन थोडा, आणि जो आहे तो चिवट, हळूहळू कुजणारा. अशा ठिकाणी जिवंत मूळ आलं की तिथे अन्नछत्र सुरू होतं. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेचा बराच वाटा झाड मुळांतून मातीत सोडतं. साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं, टोकाशी बुळबुळीत श्लेष्म, शिवाय गळून पडणाऱ्या पेशी. म्हणून मुळाला चिकटलेल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर मातीत जिवाणूंची गर्दी असते आणि तिथून बोटभर लांब गेलं की ती एकदम विरळ होते. मुळाभोवतीच्या या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिलं. त्यांचं कामही कडधान्यांच्या गाठींवर होतं.

हे अन्नछत्र सगळ्यांना सारखं वाढत नाही. प्रत्येक झाड वेगळं वाढतं, आणि तेच झाड वयाप्रमाणे, भुकेप्रमाणेही वेगळं वाढतं. आता तुमच्या अळसांद्याकडे येऊ.

अळसांद्याचं कोवळं मूळ नत्राला भुकेलं झालं की फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. मातीतले ऱ्हायझोबियम गटातले जिवाणू ती ओळखतात आणि उलट स्वतःचं एक रसायन पाठवतात. ते पोचलं की मुळावरचा केस वाकडा होऊन जिवाणूला कवेत घेतो, आत शिरायला एक बारीक नळी तयार होते आणि आतल्या पेशी फुगून गाठ बनते. पुढाकार झाडाचा असतो. झाडाने साद घातली नाही तर जिवाणू शेजारी असूनही काही होत नाही.

गाठीच्या आत हवेतल्या नत्राचा अमोनिया होतो. हे काम करणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचा एक पदार्थ तयार होतो, लेगहिमोग्लोबिन. तो प्राणवायू मोजून-मापून पुरवतो. शेजाऱ्याच्या गाठींमधला लालसर रंग तो हाच. लाल किंवा गुलाबी म्हणजे कारखाना चालू. पांढरी गाठ एक तर अजून कोवळी असते, नाही तर कामाची नसते. हिरवट-तपकिरी म्हणजे तिचं काम संपलेलं, शेंगा भरताना तसं होणं स्वाभाविक आहे. फुलोऱ्यातली पांढरी गाठ मात्र काम न करणारीच धरायची.

हा कारखाना झाडाला महाग पडतो. एक ग्रॅम नत्र बांधायला साधारण सहा ग्रॅम कार्बन खर्ची पडतो, असा ढोबळ हिशेब आहे. इतका खर्च झाड उगाच करणार नाही. मातीत आयता नायट्रेट मिळत असेल तर ते साद कमी घालतं, नव्या गाठी धरत नाही, आणि असलेल्या गाठींचा पुरवठा आखडतं. काम न करणाऱ्या गाठींशी झाड कसं वागतं हे २००३ मध्ये सोयाबीनवरच्या एका सुंदर प्रयोगात दिसलं. गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूंना इच्छा असूनही नत्र बांधता येईना. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि त्यांतल्या जिवाणूंची वाढ निम्म्यावर आली. मूळ हिशेब ठेवतं, हे मी शेतकऱ्यांना सांगते तेव्हा हाच प्रयोग माझ्या डोळ्यांपुढे असतो.

आता तुमचा अठरावा दिवस पाहू. बियातला साठा दोन-अडीच आठवड्यांत संपतो आणि गाठी जोमाने काम करू लागायला साधारण तीन आठवडे लागतात. मधले काही दिवस झाड खरोखर उपाशी असतं आणि पिवळं दिसतं. त्यात भाताचे धसकट नांगरून मातीत मिसळले असतील तर ते कुजवणारे जिवाणूही मातीतला नत्र तात्पुरता उचलून घेतात, पिवळेपणा आणखी वाढतो. पण हीच भूक झाडाला साद घालायला लावते. नेमक्या त्या वेळी तुम्ही युरिया दिलात. मातीत त्याचं अमोनियम आणि मग नायट्रेट झालं, झाडाला आयतं जेवण मिळालं आणि त्याने गाठींचा बेत सोडून दिला. शेजाऱ्याने आठवडाभर पिवळं पीक सहन केलं, एवढाच तुमच्या दोघांतला मुख्य फरक असावा असं मला वाटतं. तुम्ही काळजीपोटी खत घातलंत. पिवळं पान पाहून हात थांबत नाही, हे मी जाणते.

मग पाकीट? अळसांदे म्हणजे चवळीच, आणि चवळी जोडीदाराच्या बाबतीत फार चोखंदळ नाही. उष्ण प्रदेशातल्या मातीत मुळातच राहणाऱ्या ब्रॅडिऱ्हायझोबियमशी ती सहज जुळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, जागी अळसांदे, कुळीथ, उडीद पेरले गेले, तिथे हे जिवाणू असतातच. ते बीजाणू बनवून तग धरतात असं नाही, पण कुजक्या मुळांच्या आसऱ्याने पुढच्या हंगामापर्यंत पुरेसे उरतात. शेजाऱ्याची मुळं हा त्याचा पुरावा आहे. हरभरा किंवा सोयाबीन पहिल्यांदाच पेरत असाल तर गोष्ट वेगळी. त्यांना त्यांचेच जिवाणू लागतात आणि नव्या जमिनीत ते नसण्याची शक्यता मोठी. तिथे मी पाकिटाचा आग्रह धरते. म्हणून पाकिटावर कोणत्या पिकाचं नाव आहे ते वाचा. दुकानात उन्हाच्या कपाटात महिनोन्‌महिने पडलेलं पाकीट घेऊ नका, आणि चोळताना बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ते लावू नका. पण तुमच्या बाबतीत सर्वोत्तम पाकीट असतं तरी युरियाने त्याचं काम होऊ दिलं नसतं.

गोव्यातल्या मातीचा एक मुद्दा सोडून चालणार नाही, तो म्हणजे आम्लता. आमची जांभी माती, तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, त्यात धुऊन जाणारं कॅल्शियम. माझ्याकडे येणारे बहुतेक नमुने ५ ते ६ सामूच्या (pH) दरम्यान असतात, क्वचित ५ च्याही खाली. सामू घसरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळाची टोकं जाड, आखूड होतात, केस कमी येतात. केसच नाहीत तर जिवाणू शिरणार कुठून? स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, आणि गाठी धरायला स्फुरद भरपूर लागतो. नायट्रोजिनेजला लागणारं मॉलिब्डेनम आम्ल मातीत अडकून पडतं. म्हणजे पांढऱ्या गाठींचं दुसरं मोठं कारण इथे दडलेलं असू शकतं.

भातखाचराची यात एक खासियत आहे. पाणी साठलं की मातीतल्या लोहाचं क्षपण होतं, म्हणजे त्यातला प्राणवायू निघतो, त्यात आम्लता खर्ची पडते आणि सामू उदासीनतेकडे सरकतो. उभ्या भातात मोजलेला सामू पाहून शेतकरी खूश होतो. पाणी उतरून माती सुकली की तो पुन्हा खाली येतो. म्हणून अळसांद्यासाठी नमुना घ्यायचा तो पाणी ओसरल्यावर, वाफसा आल्यावर. भर म्हणजे, हवेतला नत्र बांधणारी झाडं स्वतःच्या मुळांभोवती आम्लता वाढवतात. अमोनियम उचलणारं मूळही तेच करतं, नायट्रेट उचलणारं मूळ उलट. वर्षानुवर्षं चुना न देता कडधान्य घेत राहिलं की मुळाशेजारची माती कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त आंबट झालेली असते.

तपासणीच्या कागदाबद्दलही तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे, ‘उपलब्ध नत्र मध्यम’ असा शेरा आला म्हणून. तो आकडा हेक्टरी २८० ते ५६० किलोच्या पट्ट्यात पडला असेल. पण तो मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून सुटू शकणाऱ्या नत्राचा अंदाज असतो, बऱ्याच ठिकाणी तर सेंद्रिय कर्बावरूनच काढलेला. आपल्याकडे पाचोळ्यामुळे कर्ब बरा असतो, शेरा चांगला येतो, आणि तरी पीक पिवळं पडतं, कारण आंबट, थंड, पाणथळ मातीत तो नत्र मोकळा करणारे जिवाणू संथ असतात. मूळ सशक्त असेल तर आपल्या साखरेने त्यांना जागं करून तोच नत्र लवकर सोडवून घेतं. कागदात मूळ मोजलेलं नसतं. त्यामुळे कृषी खात्याच्या झोनल ऑफिसातून अहवाल आणलात तरी त्यासोबत फावड्याने काढलेलं एक अख्खं झाड पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

आता भात. तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याच कुणग्यात जूनला भात येणार, आणि मूळ उलट्या बाजूनेही कसं वागू शकतं हे तिथे दिसतं. चिखलात प्राणवायू नसतो, तरी भाताच्या मुळाला गुदमरायला होत नाही, कारण खोडापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्यातून थोडा प्राणवायू मुळाबाहेर पाझरतो. रोप उपटलंत तर मुळांवर गंजासारखा तपकिरी थर दिसतो ना, तो त्या पाझरलेल्या प्राणवायूने बनलेला लोहाचा गंज. (मुळं काळी आणि कुजकट वासाची निघाली तर पाणी काढून माती थोडी सुकवा.) या पातळ गंजलेल्या पट्ट्यात अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. मुळाला उचलता न आलेला नायट्रेट एक-दोन मिलिमीटर पलीकडे प्राणवायूविरहित चिखलात सरकला की तिथले दुसरे जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. एकाच मुळाच्या दोन बाजूंना नत्र तयार होणं आणि निसटणं, दोन्ही चालू असतं.

म्हणूनच भातात उभ्या पाण्यावर युरिया फेकणं मला सहन होत नाही. पाण्यातलं शेवाळ दुपारी सामू वाढवतं आणि अमोनियाच उडून जातो. पाणी उतरवून, युरिया चिखलात मिसळून मग पाणी घेतलं तर तो अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतो. आणि शेत वारंवार सुकवून पुन्हा भरलं तर प्रत्येक वेळी सुकताना नायट्रेट होतो आणि भरताना तो हरवतो. शेवाळाची चांगली बाजूही आहे. भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र बांधतं, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिलं होतं.

काही मुळं नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना थेट रोखतात. ब्रॅकियारिया या चाऱ्याच्या गवताच्या मुळातून निघणारं असं एक रसायन २००९ मध्ये ओळखलं गेलं. ज्वारीची मुळंही हे करतात, आणि भाताच्या मुळांतही असा गुण सापडला आहे. निंबोळी लावलेला युरिया आपण वापरतो, तोही याच कल्पनेवर चालतो. फरक इतका की गवत हे काम फुकट करतं.

एवढ्यावरून सूत्र असं की कडधान्याचं मूळ भुकेलं असताना नत्र बांधणाऱ्यांना पोसतं, भाताचं मूळ प्राणवायू देऊन नायट्रेट करणाऱ्यांना जागा देतं, काही गवतं त्यांनाच अडवतात, आणि आंबट, हवा नसलेल्या मातीत मूळच खुंटलं तर यातलं काहीच नीट होत नाही.

पुढच्या हंगामासाठी मी तुमच्या जागी असते तर पाणी ओसरल्यावर लगेच नमुना दिला असता आणि अहवालात सामू साडेपाचच्या खाली आला तर पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी सांगितलेल्या मात्रेत चुना किंवा डोलोमाइट मिसळलं असतं. अंदाजाने भरमसाट चुना घालू नका, आणि चुना व युरिया एकत्र तर कधीच नाही. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट घेतलं असतं, आम्ल मातीत ते चांगलं विरघळतं. शेणखत आधीच पडलेलं असेल तर अळसांद्याला युरिया शून्य. हलकी, भुकी माती असेल तर पेरतानाच अगदी थोडा नत्र द्यावा, पुढे नाही. पाणी साचू देऊ नये, कारण गाठींनाही हवा लागते. पाट काढा, सरी थोडी उंच करा.

आणि एक कुणगा चार पट्ट्यांत वाटा. एका पट्ट्यात काहीच नको, दुसऱ्यात फक्त पाकीट, तिसऱ्यात फक्त चुना, चौथ्यात दोन्ही. युरिया कुठेच नाही. पिवळेपणा आला तर तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबा. फुलोरा सुरू होताना प्रत्येक पट्ट्यातली पाच झाडं फावड्याने मातीसकट उचला, हाताने ओढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीतल्या पाण्यात मुळं सोडा, गाठी मोजा, नखाने फोडून रंग पाहा. तुमच्या मातीबद्दल माझ्यापेक्षा ती वीस झाडं जास्त खात्रीने सांगतील. पाकिटाच्या पट्ट्यात फरक दिसला नाही तर तो खर्च कायमचा बंद करा.

शेंगा काढल्यावर झाडं उपटू नका, जमिनीलगत विळ्याने कापा. बांधलेल्या नत्रातला मोठा भाग दाण्यात जातो आणि तो तुम्ही घरी नेता. उरतो तो पाल्यात आणि मुळात. पाला गुरांना घातलात तर शेण त्याच कुणग्यात परत आलं पाहिजे.

आमच्याकडे हमखास हातची जाणारी गोष्ट यापुढे घडते. मे अखेरीस पहिल्या सरी पडल्या की तापलेल्या मातीत जिवाणू एकदम उसळतात आणि पाल्यातल्या, मुळांतल्या नत्राचा झपाट्याने नायट्रेट होतो. त्या वेळी कुणग्यात जिवंत मूळ एकही नसतं. जूनच्या मुसळधार पावसात तो धुऊन जातो, आणि उरलेला लावणीसाठी पाणी साठवल्यावर वायू होऊन उडतो. कडधान्याने कमावलेलं भाताला मिळतच नाही, आणि शेतकरी म्हणतो की अळसांद्याने जमीन सुधारते हे खोटं आहे. म्हणून तो पाला मार्चमध्ये नांगरून मातीत गाडू नका, वर आच्छादनासारखा पडू द्या, आणि चिखलणीच्या वेळी आत घ्या. शक्य असेल तर वळवाच्या पहिल्या पावसावर धैंचा (हिरवळीच्या खताचं झाड) फेका. तो वाढेल तितका वाढू द्या, लावणीआधी चिखलात तुडवा. धैंचा नाही जमला तर उगवलेलं तणही पंधरा-वीस दिवस राहू द्या, फक्त बी धरू देऊ नका. त्या दिवसांत कुणग्यात कुठलं तरी हिरवं मूळ असलं की मोकळा झालेला नायट्रेट ते उचलून धरतं आणि चिखलणीनंतर भाताला परत देतं.